दुसरा झटका आणि नव्या औषधाची परीक्षा

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त योजलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाचे व्याख्यान हसतखेळत व्हावे, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. पाककृती, प्रवासवर्णन, संतांची शिकवण असे विषय या व्यासपीठावर पुष्कळदा झाले. या खेपेस कार्यकारिणीने मला औषधांविषयी बोलावयास सांगितले, तेही एका ठरावीक प्रश्नाच्या निमित्ताने. प्रश्न आपल्याच एका भगिनीचा आहे. तिच्या यजमानांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला. दैवाने ते त्यातून उठले. रुग्णालयातून घरी पाठविताना डॉक्टर म्हणाले, "पुन्हा झटका येऊ नये म्हणून एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे. आपली इच्छा असल्यास भाग घ्या. हे कागद घरी नेऊन वाचा." कागद घरी आले आणि घरात दोन तट पडले. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या मुलावर कसले प्रयोग करता?" मुलगा म्हणाला, "नवे औषध म्हणजे चांगलेच असणार, आजच सही करा." आणि आमच्या भगिनीला प्रश्न पडला, की खरे कोणाचे?

मी डॉक्टर नव्हे. औषधनिर्माणशास्त्र शिकविण्यात माझी उमेद गेली, एवढाच माझा अधिकार. सही करा किंवा करू नका, हे मी सांगणार नाही; तो निर्णय ज्याच्या देहाचा त्याचा. पण औषधाची परीक्षा कशी घेतात, ती तशीच का घ्यावी लागते आणि न घेतल्यास काय होते, हे ठाऊक असले म्हणजे निर्णय भीतीपोटीही होत नाही आणि हौसेपोटीही होत नाही.

प्रथम दुखणे समजून घेऊ. हृदय सगळ्या शरीराला रक्त पोचविते, परंतु त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त लागते. ते बारीक रक्तवाहिन्यांतून येते. त्यांच्या आतल्या बाजूस वर्षानुवर्षे चरबीचा थर साचतो. एखादे दिवशी त्या थराला चीर पडते, तेथे रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. पुढच्या स्नायूला रक्त मिळाले नाही की तो मरू लागतो. हाच झटका. ज्याला एकदा झटका आला, त्याच्या इतर वाहिन्यांतही असा थर असतोच; म्हणून दुसऱ्या झटक्याचे भय इतरांपेक्षा त्याला अधिक. पहिल्या झटक्यातून वाचलेल्या माणसाला दुसऱ्यापासून वाचविणे, हे म्हणूनच वैद्यकातले मोठे काम ठरले.

आता कोणी म्हणेल, "त्यात एवढे अवघड काय? औषध द्यावे, गुण आला तर चांगले." येथेच खरी मेख आहे. ताप उतरला की नाही, हे दुसऱ्या दिवशी कळते. पण जो झटका आलाच नाही, तो औषधामुळे आला नाही की मुळात येणारच नव्हता, हे कसे ओळखणार?

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील ग्लेन्डेल या गावी लॉरेन्स क्रेव्हन नावाचे एक डॉक्टर होते. घशातील गाठींच्या शस्त्रक्रियेनंतर जे रोगी अॅस्पिरिनचा चघळण्याचा गोंद फार खात, त्यांना रक्तस्राव अधिक होतो, असे त्यांच्या ध्यानात आले. अॅस्पिरिन म्हणजे आपली डोकेदुखीची गोळी. आपल्याकडे नदीकाठी वाळुंज वाढतो ना, त्याच्या जातीच्या झाडांच्या सालीत आढळणाऱ्या द्रव्याशी तिचे नाते आहे. क्रेव्हन यांनी विचार केला की, या गोळीने रक्त गोठण्याचे कमी होत असेल, तर हृदयातील गुठळीही टळेल. त्यांनी आपल्याकडे येणाऱ्या पुरुषांना ती रोज घेण्यास सांगितले. १९५६ साली त्यांनी लिहिले की, ८००० पुरुषांना ही गोळी दिली आणि त्यांपैकी एकालाही झटका आला नाही. पुढच्याच वर्षी, १९५७ साली, ते स्वतः हृदयविकारानेच गेले.

क्रेव्हन यांची कल्पना खरी होती. ती खरी असल्याचे पुढे सिद्धही झाले. मग त्यांच्या शब्दावर जगाने विश्वास का ठेवला नाही? कारण त्यांच्याजवळ तुलना नव्हती. गोळी न घेणारी तशीच ८००० माणसे त्यांनी शेजारी उभी केली नव्हती.

ही तुलनेची गोष्ट आपल्याला स्वयंपाकघरात चांगली कळते. समजा, दोन जावांनी कैरीचे लोणचे घातले. एकीने नव्या दुकानातले मीठ वापरले आणि तिचे लोणचे टिकले. दुसरीच्या लोणच्याला बुरशी आली. तेवढ्यावरून मिठाचे श्रेय द्याल काय? बरणी कोरडी होती का, तेल वर आले होते का, ओला चमचा कोणी घातला का, हे सगळे आपण विचारू. मिठाचीच परीक्षा घ्यायची, तर एकाच घाण्याच्या फोडी, तोच मसाला, तेच तेल, तशाच बरण्या आणि फरक फक्त मिठाचा, असे करावे लागेल. औषधाच्या परीक्षेत नेमके हेच करतात. परंतु माणसे कैरीच्या फोडींसारखी सारखी नसतात. कोणी तंबाखू खातो, कोणाला मधुमेह, कोणी साठीचा, कोणी चाळिशीचा. ती समान कशी वाटावयाची?

त्यावर तोड एकच निघाली: चिठ्ठ्या टाकणे. नवे औषध कोणाला द्यायचे, हे डॉक्टरने ठरवायचे नाही आणि रोग्यानेही नाही. चिठ्ठी निघेल तसे. भिशीत पहिला नंबर कोणाचा, हे जसे आपण चिठ्ठीवर सोडतो, तसेच. डॉक्टरच्या मर्जीवर ठेवले, तर तो दया येऊन अधिक आजारी माणसांना नवे औषध देईल, किंवा उलट धडधाकट माणसांना देईल, आणि तुलना तेथेच बिघडेल. चिठ्ठीने हजारो माणसे वाटली की तंबाखूवाले, मधुमेहवाले, म्हातारे, तरुण दोन्ही बाजूंना आपोआप जवळजवळ सारखे पडतात. ब्रिटनमध्ये क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची परीक्षा अशा वाटणीने झाली व १९४८ साली तिचा निकाल छापला गेला, तेव्हापासून ही पद्धत रुजत गेली.

दुसरी युक्ती म्हणजे दिसायला तशीच, पण आत औषध नसलेली गोळी. हिला आपण नुसती गोळी म्हणू. निम्म्यांना खरी, निम्म्यांना नुसती. आणि कोणाला कोणती, हे रोग्यालाही ठाऊक नाही, तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. आंधळ्या कोशिंबिरीत एकाच्याच डोळ्यांवर पट्टी असते, येथे दोघांच्याही. का, तर नवे औषध मिळाले या आनंदानेच माणसाला बरे वाटू लागते आणि डॉक्टरही नकळत त्याच्याकडे निराळ्या नजरेने पाहतो. मुदत संपली की पट्टी काढायची आणि मोजदाद करायची: किती वाचले, किती गेले, किती जणांना पुन्हा झटका आला.

अॅस्पिरिनची अशी परीक्षा वेल्समधील कार्डिफ येथे पीटर एलवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली व १९७४ साली तिचा निकाल छापला. झटका येऊन गेलेले १२३९ पुरुष त्यात होते. गोळी घेणाऱ्यांत मृत्यू काहीसे कमी दिसले. परंतु एवढ्या संख्येत तो फरक योगायोगानेही पडू शकतो, असे त्यांनीच प्रांजळपणे लिहिले. पदरचे कौतुक न करता "अजून सिद्ध झाले नाही" असे म्हणणे, ही शास्त्रज्ञाची मोठी सचोटी होय.

पुढे १९८८ साली ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी चालविलेल्या एका विशाल चाचणीचा निकाल आला. 'आयसिस-२' असे तिचे नाव. १६ देशांतील ४१७ रुग्णालये आणि १७,१८७ रोगी! झटक्याची लक्षणे सुरू झाल्यापासून २४ तासांच्या आत त्यांना चाचणीत घेतले. कोणाला अॅस्पिरिन महिनाभर, कोणाला गुठळी विरघळविणारे स्ट्रेप्टोकायनेज, कोणाला दोन्ही आणि कोणाला दोन्हींऐवजी नुसतेच. पाच आठवड्यांनी मोजदाद झाली. ज्यांना दोन्हींपैकी काहीच मिळाले नव्हते, त्यांच्यात हजारांत १३२ जण हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने दगावले होते; ज्यांना दोन्ही मिळाली, त्यांच्यात ८०. एकट्या अॅस्पिरिनचा हिशेब केला, तर ११८ च्या जागी ९४. आणि जगलेल्यांपैकी पुन्हा झटका आलेल्यांची संख्या हजारी २० वरून १० वर आली. चार-आठ आण्यांची म्हणून जिची हेटाळणी व्हावी, त्या गोळीने हे केले.

याच चाचणीतला एक किस्सा आपल्या मंडळात सांगितलाच पाहिजे. शास्त्रज्ञांना विचारण्यात आले की, म्हाताऱ्यांना किती गुण, तरुणांना किती, अमक्यांना किती, असे तुकडे पाडून दाखवा. त्यांनी दाखविले, पण सोबत जन्मराशींप्रमाणेही तुकडे पाडून दाखविले. पाश्चात्त्य राशींप्रमाणे मिथुन आणि तूळ राशींच्या रोग्यांना अॅस्पिरिनने किंचित अपायच झाला आणि उरलेल्या राशींना भरघोस गुण आला, असे आकडे निघाले! राशीचा औषधाशी काही संबंध नाही, हे त्यांना ठाऊक होतेच. मोठ्या चाचणीचे लहान लहान तुकडे पाडले की असली खुळी उत्तरे निघतात, हे त्यांना दाखवून द्यायचे होते. तेव्हा "आमच्या वाड्यातल्या तिघांना ते औषध मानवले नाही" असे कोणी सांगू लागले, म्हणजे ही मिथुन-तुळेची गोष्ट आठवावी. सतरा हजारांच्या चाचणीचे तुकडे फसवितात, तेथे तिघांची काय कथा?

आतापर्यंत मी यशाची गोष्ट सांगितली. आता अपयशाची सांगते, कारण परीक्षा कशासाठी हवी, हे तिच्यातूनच अधिक कळते.

झटका येऊन गेल्यावर पुष्कळांच्या हृदयाचे ठोके मध्येच चुकतात, अधिकचे ठोके पडतात. असे ठोके ज्यांना फार, ते अकस्मात दगावण्याचे प्रमाणही अधिक. हे ठोके थांबविणारी एनकेनाइड व फ्लेकेनाइड ही औषधे अमेरिकेत बाजारात आलेली होती आणि ती ठोके खरोखरीच थांबवीत. मग ठोके थांबले की मृत्यूही थांबतील, असा सरळ तर्क. १९८७ साली याची परीक्षा सुरू झाली. नुसती गोळी देऊन माणसांना का वंचित ठेवता, असा आक्षेपही काहींनी घेतला असेल. तर्कच इतका पटण्याजोगा होता. पण १९८९ च्या एप्रिलमध्ये या दोन औषधांची चाचणी मध्येच थांबवावी लागली. कारण औषध घेणारेच अधिक मरत होते! अखेरचा हिशेब १९९१ साली छापून आला. औषध मिळालेले ७५५, त्यांपैकी ६३ गेले. नुसती गोळी मिळालेले ७४३, त्यांपैकी २६ गेले. ठोके थांबले, पण माणसेही थांबली.

भगिनींनो, या आकड्यांवर क्षणभर विचार करा. चाचणी झालीच नसती, तर ती औषधे दिली जात राहिली असती. एखादा रोगी दगावला असता, तर घरच्यांनी म्हटले असते, "डॉक्टरांनी शर्थ केली, पण आयुष्यच तेवढे." कोणाला संशयही आला नसता. पंधराशे माणसे चिठ्ठ्या टाकून वाटली गेली, म्हणून सत्य बाहेर आले. ज्यांच्या हाती नुसती गोळी आली होती, ते स्वतःला कमनशिबी समजत असतील. प्रत्यक्षात नशीब त्यांचेच बलवत्तर होते. "नवे म्हणजे चांगलेच" या समजुतीला याहून कडक उत्तर मला ठाऊक नाही.

आता खास आपली, बायकांची गोष्ट. पाळी जाण्यापूर्वी स्त्रियांना हृदयविकार पुरुषांच्या मानाने कमी होतो आणि पुढे वाढत जातो, हे डॉक्टरांनी पाहिले होते. तेव्हा स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन हा अंतःस्रावच हृदयाचे रक्षण करीत असणार, असा तर्क निघाला. आणि गंमत पाहा, त्याची मोठी परीक्षा आधी घेतली गेली ती पुरुषांवर! अमेरिकेत १९६६ साली सुरू झालेल्या 'कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट' या चाचणीत झटका येऊन गेलेले ८३४१ पुरुष होते. बाई एकही नव्हती. इतर औषधांबरोबर काहींना इस्ट्रोजेनही दिले. मोठी मात्रा घेणाऱ्यांत झटके वाढलेले दिसले, म्हणून ती १९७० साली बंद केली. लहान मात्राही १९७३ साली बंद केली.

तरी पुरुषांचे वेगळे आणि बायकांचे वेगळे, असे म्हणून पाळी गेलेल्या असंख्य स्त्रियांना ही औषधे वर्षानुवर्षे देण्यात येत होती. औषध घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, अशी निरीक्षणेही पुष्कळ होती. अखेरीस खुद्द स्त्रियांवर परीक्षा झाली. हृदयविकार असलेल्या २७६३ स्त्रिया, सरासरी वय सुमारे ६७ वर्षे. अर्ध्यांना इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन, अर्ध्यांना नुसती गोळी. १९९८ साली निकाल आला. चार वर्षांत झटका आला किंवा हृदयविकाराने मृत्यू आला, अशा स्त्रिया औषधाच्या बाजूस १७२ आणि नुसत्या गोळीच्या बाजूस १७६. म्हणजे फरक नाहीच! पहिल्या वर्षी तर औषधाच्या बाजूसच झटके अधिक होते. शिरांत वा फुप्फुसात गुठळी होण्याचे प्रसंग ३४ विरुद्ध १२. आणि लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, औषधाने रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल उतरले होते, उपकारक वाढले होते. रक्ताचा कागद सुधारला. जिवाचे रक्षण मात्र झाले नाही.

मग आधीची निरीक्षणे का फसली? अशी औषधे घेणाऱ्या बायका बहुधा शिकलेल्या, खाऊनपिऊन सुखी, वेळेवर तपासणी करून घेणाऱ्या असत. त्यांचे हृदय ठीक राहिले, ते राहणीमानामुळे. श्रेय मात्र गोळीच्या पदरात पडले. याचा एक सुरेख दाखला मघाच्या पुरुषांच्या चाचणीत आहे. नुसती गोळी मिळालेल्यांपैकी ज्यांनी ती न चुकता घेतली, त्यांच्यात पाच वर्षांत शेकडा १५ दगावले. ज्यांनी ती घेण्यात हयगय केली, त्यांच्यात शेकडा २८. गोळीत तर काहीच नव्हते! मग फरक कशाचा? माणसाचा. जो गोळी नेमाने घेतो, तो खाण्यापिण्यातही नेम पाळीत असणार. म्हणूनच चिठ्ठी हवी. चिठ्ठीवाचून झालेल्या तुलनेत माणसाचा गुण औषधाच्या नावावर जमा होतो.

चांगली बातमीही आहे. १९९४ साली निकाल आलेल्या, उत्तर युरोपातील देशांत झालेल्या चाचणीत, हृदयविकार असलेल्या ४४४४ लोकांना सिम्व्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरविणारे औषध किंवा नुसती गोळी दिली. सुमारे साडेपाच वर्षांत नुसत्या गोळीच्या बाजूस २५६ मृत्यू आणि औषधाच्या बाजूस १८२. या ४४४४ मध्ये स्त्रिया होत्या ८२७. म्हणजे पाचांत एकही धड नाही. आमचे हृदय छातीत डावीकडेच असते, तरी शास्त्राच्या मोजणीत ते बराच काळ बाहेरच राहिले. अलीकडे, २०२२ साली, युरोपातील सात देशांत झटका येऊन गेलेल्या सुमारे २५०० वृद्धांच्या चाचणीचा निकाल आला. अॅस्पिरिन, रक्तदाबाचे रॅमिप्रिल आणि कोलेस्टेरॉलचे अॅटोरव्हास्टॅटिन या तिन्ही औषधांची एकच गोळी करून दिली, तेव्हा झटका, पक्षाघात, हृदयविकाराने मृत्यू किंवा तातडीने वाहिनी मोकळी करण्याची वेळ येणे, हे सारे मिळून शेकडा १२.७ वरून ९.५ वर आले. एकूण मृत्यूंत मात्र फरक पडला नाही. यशाची बातमीसुद्धा अशी पुरतेपणी सांगावी लागते.

आणि काही प्रश्न अजून सुटलेले नाहीत. कळलावीचे फूल आपण सर्वांनी पाहिले आहे. तिच्या कंदात कोल्चिसिन नावाचे विष असते. तेच द्रव्य शुद्ध करून, अगदी अल्प मात्रेत, सांध्यांच्या एका दुखण्यावर औषध म्हणून फार दिवसांपासून देतात. (कळलावीचा कंद कोणी घरी उगाळू नये, तो जीवघेणा आहे.) झटक्यानंतर वाहिन्यांची आतली सूज याने कमी होईल, अशी आशा होती. २०१९ साली ४७४५ रोग्यांच्या चाचणीत गुण दिसला: शेकडा ७.१ च्या जागी ५.५. पण २०२४ साली ७०६२ रोग्यांच्या चाचणीचा निकाल आला, त्यात शेकडा ९.३ आणि ९.१, म्हणजे गुण नाहीच. एकाच औषधाच्या दोन परीक्षा, दोन उत्तरे. म्हणून वर्तमानपत्रात एखाद्या निकालाचा गाजावाजा झाला, तरी दुसऱ्या परीक्षेची वाट पाहावी.

आता सहीच्या प्रश्नाकडे येते. सासूबाईंची भीती चुकीची आहे काय? नाही. पूर्वी रोग्याला न सांगता त्याच्यावर प्रयोग झाल्याची उदाहरणे जगात आहेत, आणि म्हणूनच आज कायदे आहेत. आपल्या देशात २०१९ चे औषध-चाचणीचे नियम आहेत. त्यांनुसार प्रत्येक चाचणीला नीतिसमितीची, म्हणजे एथिक्स कमिटीची मान्यता लागते. या समितीत किमान सात सभासद हवेत. त्यांत एक कायदेपंडित, एक सामान्य नागरिक आणि एक तरी स्त्री असलीच पाहिजे. चाचणीमुळे इजा झाल्यास औषधोपचार विनामूल्य आणि भरपाईही मिळाली पाहिजे. २००९ सालापासून चाचणीची नोंद सरकारी नोंदवहीत करणे बंधनकारक आहे. ती कोणालाही इंटरनेटवर पाहता येते.

मुलाचे म्हणणे तरी बरोबर आहे काय? तेही पुरते नाही. नवे औषध वडिलांच्याच वाट्यास येईल असे नाही, आणि आले तरी ते गुणकारीच ठरेल, हे ठाऊक असते तर परीक्षा कशाला घेतली असती?

"नुसती गोळी मिळाली तर उपचाराविना राहतील," ही शंका मात्र दूर केली पाहिजे. झटक्यानंतरची जी औषधे सिद्ध झाली आहेत, ती दोन्ही बाजूंना चालूच ठेवावयाची असतात. नवे औषध किंवा नुसती गोळी ही त्यांच्या जोडीला असते. तसे नसेल, तर का नाही, हे विचारलेच पाहिजे.

तेव्हा सही करण्यापूर्वी डॉक्टरांस हे प्रश्न निःसंकोच विचारावेत. ही चाचणी नोंदलेली आहे का, आणि नीतिसमितीची मान्यता आहे का? हे औषध यापूर्वी किती माणसांना दिले आणि काय अपाय दिसले? चालू गोळ्यांपैकी एखादी बंद करावी लागेल का? किती दिवस, किती खेपा, रक्त किती वेळा काढणार आणि येण्याजाण्याचा खर्च कोण करणार? मध्यरात्री त्रास झाला तर फोन कोणास करावयाचा? आणि शेवटचा: मध्येच नको वाटले, तर सोडता येईल ना? याचे उत्तर "होय, केव्हाही, आणि तुमच्या नेहमीच्या उपचारांत काही उणे पडणार नाही," असेच असले पाहिजे. ज्या ठिकाणी या प्रश्नांनी कपाळाला आठ्या पडतात, तेथे सही करू नये. ज्या ठिकाणी बसवून, आपल्या भाषेत, शांतपणे उत्तरे मिळतात, तेथे विचार करावयास हरकत नाही. आणि सही घरच्यांच्या आग्रहाने नव्हे, तर रोग्याच्या स्वतःच्या समजुतीने व्हावी.

एक गोष्ट आणखी. जे भाग घेतात, त्यांना लाभ होईलच असे नाही. पण त्यांच्या पावलांवरून पुढचे चालतात. आज आपल्या घरी झटक्यानंतर जी अॅस्पिरिनची गोळी मिळते, तिच्यामागे त्या सतरा हजार अनोळखी माणसांचा विश्वास उभा आहे. पाणपोई बांधणाऱ्याचे नाव वाटसरूला ठाऊक नसते, तरी त्याची तहान भागते.

आता घरगुती चार शब्द सांगून पुरे करते. पहिली गोष्ट, झटक्यानंतरच्या गोळ्या "आता बरे वाटते" म्हणून बंद करू नयेत. त्या बरे वाटण्यासाठी नाहीतच. जे घडू नये, त्यासाठी आहेत. बंद करणे वा बदलणे, ते डॉक्टरांना विचारूनच. दुसरी गोष्ट, यजमानांच्या डबीतली अॅस्पिरिन "मलाही बरी" म्हणून धडधाकट बाईने रोज घेऊ नये. २०१८ साली १९,११४ निरोगी वृद्धांच्या चाचणीत तिने झटके म्हणण्याजोगे टळले नाहीत. गंभीर रक्तस्राव मात्र वाढला. ज्याला झटका आला आहे त्याचे औषध निराळे, आणि ज्याला आला नाही त्याचा हिशेब निराळा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. झटका बाईलाही येतो. छातीत कळ येते तशीच दम लागणे, जबड्यात, पाठीत वा खांद्यात दुखणे, मळमळणे, दरदरून घाम, कारण नसता गळून जाणे, हीही त्याची लक्षणे असू शकतात. आपण काय करतो? "पित्त झाले असेल" म्हणून आले-लिंबू घेतो, पोळ्या लाटून होईपर्यंत कळ सोसतो आणि मग पडतो. यजमानांच्या छातीत दुखले तर रिक्षा बोलाविण्यास आपल्याला दोन मिनिटे लागत नाहीत. स्वतःसाठी मात्र दोन तास लावतो. हृदयाच्या स्नायूला तेवढा धीर नसतो. पोळ्या राहू द्याव्यात आणि रुग्णालय गाठावे.

आपल्या मंडळाला माझी एक विनंती आहे. प्रत्येक घरी एक छोटी वही असावी: कोणाचे औषध, कोणती मात्रा, कोणत्या वेळी, कशाने त्रास होतो आणि डॉक्टरांचा फोन नंबर. शिवणवर्गातून उरलेल्या कापडाची तिला पिशवी शिवावी आणि ती देवघराशेजारी खुंटीला टांगावी. पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून हीच वही लुटावी, असे मी सुचविते. स्टीलच्या वाट्या आपल्या प्रत्येकीकडे आता पुष्कळ झाल्या आहेत.